ऐतिहासिक कादंबरीतील महत्त्वाकांक्षी स्त्री : तळोद्याच्या गौतमाबाईंच्या निमित्ताने

ऐतिहासिक कादंबरी हा मराठी वाचकाचा अत्यंत आवडता वाङ्मयप्रकार आहे. आमच्या गावच्या वाचनालयात ज्या पुस्तकांची पाने सर्वांत आधी सैल होतात, ती हीच. या कादंबऱ्यांत दरबार असतो, मसलती असतात, लढाया असतात. आणि वाड्याच्या आतल्या चौकात स्त्रिया असतात. त्यांपैकी जी स्त्री वर चढू पाहते, तिच्याकडे आपले कादंबरीकार व आपण वाचक कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई यांची ती कहाणी. रमाबाई १७७२ साली थेऊर येथे सती गेल्या. त्या भागापाशी आजही वाचकाचे डोळे पाणावतात. त्याच घराण्यातील दुसरी स्त्री म्हणजे राघोबादादांची पत्नी आनंदीबाई. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, अशी कथा आहे. इतिहासकार ती सिद्ध झालेली मानत नाहीत. रामशास्त्र्यांनी दोषी ठरविले ते राघोबादादांना. परंतु 'ध'चा 'मा' ही म्हण मात्र पत्नीच्या नावाने रूढ झाली! एक स्त्री देव्हाऱ्यात गेली, दुसरी म्हणीत गेली. नवऱ्यासाठी जीव देणारी थोर आणि नवऱ्यासाठी गादी मागणारी कपटी, अशी ही वाटणी आहे.

या दोन्ही साच्यांत न बसणारी एक स्त्री आपल्याच खानदेशात होऊन गेली. तिचे नाव गौतमाबाई होळकर. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ सालचा. वडील लहानपणीच वारल्यामुळे आई त्यांना घेऊन तळोद्यास आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे आली. (तळोदे पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.) याच मामाची मुलगी गौतमाबाई हिच्याशी मल्हाररावांचे लग्न झाले. पुढे मल्हारराव माळव्याचे मोठे सरदार झाले, हे सर्वश्रुत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सरदाराला मिळणारा सरंजाम फौज बाळगण्यासाठी असे. त्याचा हिशेब सरकारात द्यावा लागे आणि मर्जी फिरली तर तो जप्तही होई. १७३४ साली पेशव्यांनी होळकरांना याहून वेगळी अशी 'खासगी' जहागीर दिली, आणि ती गौतमाबाईंच्या नावे दिली. माळव्यातील महेश्वर त्यात होते, तशीच दक्षिणेतील काही गावेही होती. वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये. हा मान मल्हाररावांच्या पराक्रमावर मिळाला हे खरे. पण कागदावर नाव बाईचे होते आणि दौलतीहून त्याचा हिशेब वेगळा होता.

१७६१ मध्ये गौतमाबाई वारल्या आणि खासगी त्यांची सून अहिल्याबाई हिच्याकडे आली. काशीविश्वेश्वराचे देऊळ, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांवर अहिल्याबाईंनी जो खर्च केला, तो बराचसा या खासगीतून झाला. विजया जहागीरदार यांच्या 'कर्मयोगिनी'सारख्या कादंबरीमुळे अहिल्याबाई मराठी घरांत पोहोचल्या. परंतु आपण वाचक त्यांच्या हातातील शिवपिंडीला नमस्कार करतो आणि हिशेबाच्या वह्या विसरतो. १७६५ मध्ये मल्हारराव याच सुनेला पत्राने तोफखाना व दारूगोळ्याची व्यवस्था पाहण्यास सांगत होते. ही कर्तबगारी भक्तीच्या आड झाकली जाते. स्त्रीने कारभार केला हे आपल्याला तेव्हाच मानवते, जेव्हा ती विरक्त असते!

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा आहे, असे मला वाटत नाही. मी आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली पहिलीच मुलगी. मुलगा पुढे शिकायचे म्हणाला तर लोक त्याला 'जिद्दी' म्हणतात. मुलगी म्हणाली तर 'फार पुढची'. माझी माय कपाशीच्या वावरात उन्हातान्हात राबते, परंतु सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. गौतमाबाईंची हकीकत मी तिला सांगितली, तेव्हा तिने देवळांविषयी काहीच विचारले नाही. "कागदवर नाव कोनं व्हतं?" एवढेच तिने विचारले. सरंजाम आणि खासगी यांतील भेद तिला माझ्याआधी समजला.

तेव्हा कादंबरीकारांना माझी नम्र विनंती आहे की, देवी आणि कारस्थानी यांच्या मधली जी स्त्री आहे, जी आपल्या नावाचा कागद जपते आणि सुनेच्या हाती सोपविते, तिच्यावरही लिहावे. आणि मित्रमैत्रिणींनो, आपणही नुसते वाचक राहू नये. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुने कागद गोळा केले. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा देहान्त झाला, आणि पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. जळगावहून धुळे काही दूर नाही. कादंबरी मिटल्यावर एकदा जुन्या कागदांकडेही जावे, आणि त्यांवर बायकांची नावे कोठे कोठे आहेत ते शोधावे.