तिच्या हातचं पाणी

आजचे वचन : योहान ४:५-१५

भर दुपारी थकलेला प्रभू येशू याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, म्हणून तीच चकित होते. जिवंत पाणी देणारा आधी तिच्या हातचं पाणी मागतो!

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. पण त्याआधीच राहुरीला लक्ष्मीबाईंनी ठरवलं होतं : जाती माणसांनी केल्या, देवाने नाही, यापुढे कुणाच्याही हातचं खाईन-पिईन.

माझा बाप्तिस्मा लहानपणीच झाला. तरी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप खिडकीत वेगळा. सोलापूरच्या उन्हात चालत येऊनही त्या आमच्या माठाला कधी हात लावत नाहीत. आज वचन वाचून लाज वाटली. म्हटलं, "मावशी, माठातलं पाणी द्या ना मला." त्या घुटमळल्या, मग दिलं. दुसरा ग्लास त्यांच्यासाठी भरला.

मित्रांनो, तुमच्या घरात असा वेगळा कप आहे का?

प्रार्थना : प्रभू, आमच्या स्वयंपाकघरातला भेदभाव आम्हाला दाखव आणि तो काढून टाकायला बळ दे. आमेन.