दोरी मोठ्यांच्याच हातात असू द्या

आई-बाबांनो,

आपल्या लोहा तालुक्यातल्या लेकरांना कुत्र्याची माया वेगळी शिकवावी लागत नाही. माळेगावच्या खंडोबासोबत कुत्रा आहेच. मार्गशीर्षातल्या यात्रेत घोडे, गाढवं, उंटांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. शेतातल्या आखाड्यावर राखणीला कुत्रं लागतंच, आणि कारवानी कुत्रं म्हटलं की आपला मराठवाडाच आठवतो. तेव्हा कुत्र्यांचा राग करा, असं मी म्हणणार नाही. मला बोलायचंय ते आपल्या मोठ्या माणसांबद्दल.

आखाड्यावर मोकळं फिरणारं कुत्रं राखण करतं. तेच कुत्रं गल्लीत, शाळेच्या वाटेवर मोकळं सुटलं की लेकरांच्या जिवाला घोर लागतो. मालकाला हटकलं तर उत्तर ठरलेलं, "काही करत नाही हो ते!" घरच्यांना करत नसेलही. पण अनोळखी पोरगं घाबरून पळालं, सायकल अंगावरून गेली, हातात खाऊ दिसला, तर ते काय करेल याची हमी मालकही देऊ शकत नाही. कायद्यालाही 'काही करत नाही' हे उत्तर पुरत नाही. पाळीव जनावरापासून कुणाला इजा होऊ नये एवढी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमच्या घरी कुत्रं असेल तर रस्त्यावर नेताना गळपट्टा आणि दोरी हवीच. गळपट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवा. जास्त सैल असला की कुत्रं मान मागे ओढून सुटतं. गर्दीत दोरी आखूड धरा. आणि कुत्रं फिरवायला एकट्या लेकराला पाठवू नका. समोर दुसरं कुत्रं दिसून त्यानं हिसका दिला, की चौथी-पाचवीतल्या पोराच्या हातून दोरी सुटते, नाहीतर पोरगंच फरफटत जातं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या. पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस द्या.

आता जरा नाजूक गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये गाझियाबादला आठवीतला चौदा वर्षांचा मुलगा रेबीजनं गेला. शेजारचं कुत्रं त्याला सुमारे दीड महिना आधी चावलं होतं. भीतीपोटी त्यानं घरी सांगितलंच नाही. पाण्याला भिऊ लागला तेव्हा घरच्यांना कळलं, पण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. वेळेवर लस घेतली असती तर हा आजार टळला असता.

आपली लेकरंही असंच लपवतात. "तू कशाला गेला होतास तिकडं?" हा आपला पहिला प्रश्न त्यांना पाठ असतो. म्हणून चूक कुणाची ते नंतर बघा. आधी जखम बघा. नुसता ओरखडा असला तरी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद, झाडपाला काही लावू नका, पट्टी करकचून बांधू नका. तडक सरकारी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, ते डॉक्टरांना विचारा. सरकारी दवाखान्यात सहसा पहिली लस लगेच, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी पुढची लस देतात. जखम भरली म्हणून पुढचे डोस सोडू नका.

मुलांना एवढं शिकवा, आणि अंगणात करूनही घ्या. कुत्रं खात असेल, झोपलेलं असेल किंवा पिल्लांपाशी असेल तर जवळ जायचं नाही. ओळखीचं असलं तरी मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही. हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. खाली पडलोच, तर अंग आखडून दोन्ही हातांनी मान आणि कान झाकायचे. दगड मारायचा नाही, शेपूट ओढायची नाही. आपण मोठी माणसं मुक्या जिवाला लाथ घालतो तेव्हा लेकरंही तेच उचलतात, हेही ध्यानात असू द्या.

आज रात्री जेवताना लेकराला जवळ घेऊन सांगा, "कुत्रं चावलं, नुसतं नख लागलं, तरी आधी आम्हाला सांग. आम्ही रागावणार नाही." आणि तशी वेळ आलीच, तर दिलेला शब्द पाळा.