शेतातील बेटे

चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, हे तुम्ही शिकला आहात. मग समुद्रापासून दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यात बेट कोठे सापडणार? कपाशीच्या शेतात एकटेच उभे असलेले कडुनिंबाचे झाड पाहा. त्यावरील लहानशा कोळ्याच्या दृष्टीने ते बेटच आहे.

बेटावर नवे जीव येत असतात, तसे काही नाहीसेही होतात. ही आवक-जावक सारखी झाली, की जातींची संख्या स्थिर होते. मोठ्या बेटावर ती जास्त, दूरच्या बेटावर कमी असते. मॅकआर्थर व विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला.

विल्सन यांचा विद्यार्थी डॅनियल सिंबर्लॉफ याने त्यांच्यासह याची परीक्षा घेतली. फ्लॉरिडाजवळील खारफुटीच्या चिमुकल्या बेटांवर तंबू ठोकून त्यांनी विषारी वायूने कीटक व कोळी मारले आणि पुढे नियमित मोजणी केली. वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळजवळ पूर्वीइतकी झाली; जाती मात्र बऱ्याच वेगळ्या होत्या. सर्वांत दूरचे बेट मागे राहिले.

तुम्हांला कोणताही जीव न मारता असा अभ्यास करता येईल. सारख्या घेराची सहा कडुनिंबाची झाडे निवडा: तीन धुऱ्यावरील दाट झुडपांजवळची, तीन दूरची. दर पंधरवड्यास, सकाळी ठरावीक वेळी, प्रत्येक बुंध्यावर पंधरा मिनिटे मुंग्या व कोळ्यांचे प्रकार मोजा. नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहा. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. म्हणून दोघांनी वेगवेगळी मोजणी करावी. फवारणी झालेल्या शेतात जाऊ नका. तिची तारीख मात्र नोंदवा.

आता सेलू तालुक्यातील बोरचे जंगल आठवा. १९७० मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौ. किमी., म्हणजे देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या सर्वांत लहान गाभा क्षेत्रांपैकी एक. एका वाघालाच कित्येक चौरस किलोमीटर जागा लागते. भोवती शेते, रस्ते व वस्ती आहे. पेंच, ताडोबा येथील जंगलांकडे जाणाऱ्या वाटा तुटल्या, तर येथे आवक थांबेल आणि जावक तेवढी चालू राहील. नुसते कुंपण राखून जंगल टिकत नाही. वाटही राखावी लागते.

तुमच्या दूरच्या झाडांवर प्रकार कमी आढळले का? वहीतील आकडेच याचे उत्तर देतील.