पोर्शे ९११ रोज चालवायची, तर

आमची गाडी २०१७ सालची ९११ कॅरेरा. २०२३ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा सहा वर्षांत ती जेमतेम नऊ हजार किलोमीटर चालली होती. आधीच्या मालकांनी कव्हरखाली, देवघरातल्या मूर्तीसारखी ठेवलेली. पहिल्या नजरेत सोनंच वाटलं. मग खाली वाकून बघितलं. टायरची नक्षी नव्यासारखी, पण रबर दगडासारखं कडक. बॅटरीने मान टाकलेली. ब्रेकच्या डिस्कवर गंजाची तांबूस कड. इंजिनाशेजारच्या वायरींच्या एका जुडग्याला उंदरांनी दात लावलेले. हे सगळं रस्त्याने केलेलं नव्हतं, उभं राहण्याने झालेलं होतं.

तेव्हापासून ती रोज कोथरूडहून हिंजवडीला जाते आणि परत येते. तीस हजार किलोमीटरच्या वर झाले. पाऊस, खड्डे, चांदणी चौकातली गर्दी, सगळ्यातून. अशी गाडी रोज वापरावी असं माझं ठाम मत आहे, पण त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्या लागतात. त्या क्रमाने सांगतो.

९११ का, हेही थोडक्यात. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ९०१ या नावाने आली. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर पुजोने हक्क सांगितला, म्हणून ९११ झाली. तेव्हापासून इंजिन मागे, पुढची काच बऱ्यापैकी उभी, मागे मुलांपुरत्या दोन सीट आणि पुढच्या बोनेटखाली सामानाची जागा. आमच्या गाडीत ती १४५ लिटर आहे. दप्तर, डबे, आठवड्याची भाजी मावते. रस्ता नीट दिसतो. त्यामुळे रोजच्या वापराला ती मुळातूनच बरी.

१. गाडी घेण्याआधी रस्ता मोजा

किंमत, रंग, मॉडेल नंतर बघा. आधी मोजपट्टी घ्या आणि आपल्या इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर जा. एक मीटर लांबीची सरळ पट्टी उताराच्या पायथ्याशी आडवी धरा, पाणपातळीने सपाट करा आणि दुसऱ्या टोकाशी उतार किती चढला ते मोजा. आमच्याकडे बारा सेंटीमीटर आले, म्हणजे ०.१२.

आता गाडीकडे. पुढचं चाक जमिनीला जिथे टेकतं तिथपासून बंपरच्या खालच्या कडेच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर घ्या आणि त्या टोकाची जमिनीपासूनची उंची घ्या. उंचीला अंतराने भागा. उदाहरणार्थ, उंची १३ आणि अंतर ९० सेंटीमीटर असेल तर ०.१४. गाडीचा आकडा उतारापेक्षा मोठा असेल तर बंपर घासणार नाही. पण फरक फार थोडा असेल तर पेट्रोलची टाकी भरलेली असताना आणि शेजारी कुणी बसलेलं असताना घासेलच, तेव्हा उताराच्या पायथ्याशी रबरी पट्ट्या टाकून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना आकडे दाखवून बोला. नुसतं ‘माझी गाडी घासते’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही, कागदावर आकडे मांडले की ऐकतात.

२. गतिरोधक ओळखायला शिका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ते सार्थकी लागलं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याच्या कमानीची त्रिज्या १७ मीटर. आता आमच्या ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे दोन्ही चाकं कमानीवर असतात तेव्हा गाडीच्या पोटाखाली गतिरोधकाचा फक्त साडेचार सेंटीमीटरच्या आसपासचा फुगवटा येतो. चढही सौम्य, कडेला ०.११. असा गतिरोधक ही गाडी सावकाश, सरळ, न घासता ओलांडते. भीती त्याची नसतेच.

भीती असते ती गल्लीतल्या हौशी उंचवट्याची. फूटभर रुंद, वर डांबराचा ढीग. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्णच्या पूर्ण मावतो, म्हणून त्याची सगळी उंची पोटाला सामोरी येते. दुरून बघताना उंचीआधी रुंदी बघा. रुंद असेल तर निश्चिंत राहा. अरुंद असेल तर लिफ्टचं बटण दाबा. पुढचा भाग उचलणारी ही सोय असेल तर नाक चार सेंटीमीटर वर येतं आणि साधारण ३५ च्या वेगापर्यंत वरच राहतं. जुनी गाडी घेताना ही सोय आहे का, हे स्टिरिओ कुठला आहे यापेक्षा आधी विचारा.

लिफ्ट नसेल तर तिरकं जायचं, एका वेळी एकच चाक चढवत. इंडिकेटर द्या, दोन्ही आरसे बघा, मगच तिरके व्हा. आपण तिरके झालो की दुचाकीवाल्यांना वाटतं वाट मोकळी झाली, आणि ते नेमके त्या फटीतून येतात. त्यांना जाऊ द्या. एक हात वर केला तरी पुरतं.

रोजच्या वाटेवरचे असे उंचवटे पहिल्या आठवड्यात पाठ होतात. दुरुस्तीनंतर एखादा रातोरात नवा उगवतो, म्हणून पाठ असलेल्या रस्त्यावरही डोळे उघडे हवेत.

३. सकाळची पंधरा मिनिटं

इंजिन सुरू करा, अर्धा मिनिट थांबा आणि निघा. उभ्या उभ्या तापवत बसू नका. त्याने तेल हळू तापतं आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना त्रास होतो. सायलेन्सरचा आवाज मोठा करणारं बटण सकाळी सोसायटीत अजिबात दाबायचं नाही. ही गाडी कुणाला खुपू नये असं वाटत असेल तर सुरुवात इथून होते.

पाण्याचा काटा चार-पाच मिनिटांत जागेवर येतो, पण त्यावर विसंबू नका. काट्यांच्या पॅनेलवर तेलाचं तापमान दिसतं, ते बघा. ते ८० अंशांच्या वर जायला मला रोज बारा ते पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे बाणेरच्या अलीकडे कुठेतरी. तोवर तीन हजार फेऱ्यांच्या आत. पोहोचतानाही तेच: शेवटचे दोन किलोमीटर शांतपणे, म्हणजे टर्बो थंड होतात. हे इंजिन तीन लिटरचं, दोन टर्बोंचं, ३७० अश्वशक्तीचं आहे. या ताकदीचा दहावा हिस्साही हिंजवडीच्या रस्त्यावर लागत नाही. तरी मला ती रोज आवडते. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, आणि ते वीसच्या वेगातही कळतं.

पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. किमान ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के चालतं ते तिथे लिहिलेलं असतं. ऑक्टेन ९५ च्या खाली नको. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात डिसेंबर २०२० पासून मिळतंय, महाग आहे. मी लांबच्या प्रवासाआधी भरतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल मुरू देऊ नका.

४. टायर

पुढे २३५/४०, मागे २९५/३५, दोन्ही १९ इंची. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची, ते सांगतो. म्हणजे पुढे खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये ९४ मिलिमीटर रबर आहे, बस. हवा कमी असेल तर तेवढंही नाही. म्हणून दर रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजने हवा बघायची. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला असतो. पंपावर गरम टायरमध्ये बघितलेला आकडा फसवतो.

टायरच्या कडेवरचे चार अंक वाचायला शिका. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी सहा वर्षांचं रबर मी रस्त्यावर ठेवत नाही. बदलताना कडेवर एन आणि अंक असलेले, म्हणजे पोर्शेने मान्य केलेले टायर घ्या आणि पुढे-मागे एकाच जातीचे घ्या.

या गाडीला स्टेपनी नसते. त्याऐवजी चिकट द्रवाची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. बाटलीवर मुदत लिहिलेली असते, आजच बघा. पुढच्या डिकीत आणखी तीन वस्तू कायम ठेवा. एक, कुलूपवाल्या बोल्टची चावी. ती नसेल तर जगातला कुठलाही पाना ते चाक काढू शकत नाही. दोन, जॅकवर ठेवायचा रबरी ठोकळा. तीन, बोल्ट १६० न्यूटन-मीटरला आवळायचे, असं मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी.

ठोकळ्याची गोष्ट अनुभवाची आहे. एकदा महामार्गालगतच्या एका दुकानात पंक्चर काढायला थांबलो. दादांनी सवयीप्रमाणे जॅक सरकवला आणि उचलला. कड्कन आवाज आला, खालचं प्लॅस्टिकचं आवरण चिरलं. त्यांची चूक म्हणता येत नाही, जॅकची जागा त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. आता मी आधी उतरतो, गुडघ्यावर बसून जागा दाखवतो, ठोकळा ठेवतो आणि मगच म्हणतो, ‘दादा, घ्या वर.’

५. नाकातला पाचोळा

हे काम फार थोडे जण करतात, आणि या गाडीला त्याच्याइतकं जपणारं दुसरं काही नाही.

९११ चं इंजिन मागे असलं तरी पाणी थंड करणारे रेडिएटर पुढच्या बंपरच्या डाव्या-उजव्या तोंडांत बसवलेले असतात आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. ही तोंडं रस्त्यालगत, उघडी. रस्त्यावरचं सगळं आत जातं आणि बाहेर काही येत नाही. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन आडवं व्हा आणि आत बघा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे गुलमोहराच्या पाकळ्या असतात, सुकून काळपट लाल झालेल्या. वर्षावृक्षाची बारीक पानं असतात, दिवाळीनंतर फटाक्यांचे कागद. पावसाळ्यात हे सगळं भिजून चहाच्या चोथ्यासारखं होतं आणि कोपऱ्यात घट्ट बसतं. तो ओला चोथा ॲल्युमिनियम खातो. एक दिवस एसीचा गॅस जातो, आणि खर्चाचा आकडा ऐकून माणूस रस्त्यांना दोष देतो.

व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला बोटाएवढी मऊ प्लॅस्टिकची नळी चिकटपट्टीने बांधा. ती आत घालून वरून खाली ओढा. उरलेलं बोटांनी काढा. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. नाजूक पात्या वाकतात आणि कचरा कंडेन्सर अन् रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. त्या फटीसाठी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, गॅरेजमध्ये बंपर काढून घ्या. त्याच दिवशी पुढच्या काचेखालची पाणी वाहून जाणारी भोकंही मोकळी करून घ्या. तिथेही पानं साचतात आणि बॅटरी जवळच असते.

६. पाऊस

रुंद टायर कोरड्यात जितका धरून ठेवतो, तितकाच साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर चालते, मी तीनला बदलतो. द्रुतगती मार्गावर शंभरची मर्यादा आहे, पण उजव्या लेनमध्ये पाणी दिसलं की मी ऐंशीवर येतो.

घाटात लक्षात ठेवायची गोष्ट एकच. निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकांवर आहे. ओल्या वळणात मध्येच एक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला तर ते वजन पुढे जातं आणि मागची बाजू हलकी होऊन बाहेर जायला बघते. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात पाय हलका पण स्थिर ठेवा.

पाणी तुंबलं असेल आणि पुढच्या गाडीचं अर्धं चाक बुडत असेल तर परत फिरा. बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर त्या एका प्रयत्नाने कनेक्टिंग रॉड वाकतो. फ्लॅटबेड मागवा, दोरीने ओढून नेऊ देऊ नका. विम्यात इंजिन संरक्षण आणि शून्य घसारा ही दोन्ही जोडकलमं असायलाच हवीत. नूतनीकरणाच्या वेळी ती गळतात, दरवर्षी कागद वाचा.

७. गावाला जाताना

आठवड्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, इंजिनापाशी उंदरांसाठी जाळी लावा आणि बॅटरी मेंटेनर जोडा. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर वॉचमनकाकांना सांगून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी तीन दिवसांआड वीस मिनिटं चालवायला सांगा. नुसती सुरू करून बंद करण्याने बॅटरीतून जातं जास्त, येतं कमी.

तरीही बॅटरी बसलीच, तर एक अडचण आधीच ठाऊक असू द्या. बॅटरी पुढच्या बोनेटखाली आहे आणि बोनेट उघडतं विजेवर. आतल्या फ्यूज बॉक्समध्ये त्यासाठी ओढून बाहेर काढता येणारं एक पॉझिटिव्ह टोक दिलेलं असतं. त्याला बाहेरच्या बॅटरीची वायर लावली की बोनेट उघडण्यापुरती वीज मिळते. दार उघडायला किल्लीतलं पातं लागतं. हे सगळं रविवारी उजेडात, गाडी चालू असताना, मॅन्युअल उघडून एकदा शोधून ठेवा. मी माझ्या मुलीला दाखवून ठेवलं आहे. मागच्या गणपतीत आम्ही कोकणात असताना तिनेच बोनेट उघडलं, मेंटेनर लावला आणि फोन केला, ‘बाबा, हिरवा दिवा लागला.’