गाडी आधी पायावर उभी राहू द्या!

सर्वप्रथम एक कबुली. माझे शिक्षण के.जी.पासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झाले. घरी मराठीच बोलतो, पण लिहायला बसलो की ऱ्हस्व की दीर्घ हे आईला फोन करून विचारावे लागते. तरी हा लेख मराठीतच लिहायचे ठरवले, कारण ज्या मिस्त्रीकाकांकडून मी हे शिकलो त्यांनी मला सगळे मराठीतच समजावले होते. चूकभूल द्यावी घ्यावी.

लेखाचा विषय आहे बुश. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष नव्हेत! गाडीच्या सस्पेन्शनमधले, रबराचे, मुठीत मावेल एवढे बुश.

माझे गाव सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा. चांदपूरच्या हनुमानाच्या दर्शनाला गेलेल्यांना ते माहीत असेलच. बाकीच्यांसाठी एवढेच सांगतो की गावाभोवती धानाच्या बांध्या आहेत, आणि पावसाळ्यात रस्ता आणि बांधी यांच्यात फारसा फरक राहत नाही.

मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत बाबा, आजी आणि मी तुमसरवरून परत येत होतो. आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. संध्याकाळची वेळ, रस्ता ओला. अचानक समोर म्हशी आल्या. बाबांनी ब्रेक दाबला, तर गाडी सरळ थांबायची सोडून डावीकडे ओढली गेली. बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवले म्हणून निभावले. डावे चाक अगदी बांधीच्या काठावर जाऊन थांबले. कुणाला काही लागले नाही, पण घरी उतरल्यावर आजी म्हणाली, "मले आता बसनंच नेत जा बापा. या गाडीत मी नाही बसत."

ब्रेक तपासले, ठीक निघाले. टायर नवीनच होते. अलाइनमेंट दोनदा केली, पण पंधरा दिवसांत परत तीच ओढ. छोट्या खड्ड्यात गाडी हळू गेली की पुढून "खट-खट" आवाज यायचा, तो वेगळाच. शेवटी सुट्टीत मी स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली डोकावलो. डाव्या लोअर आर्मच्या बुशचे रबर चिरले होते आणि आतली नळी एका बाजूला सरकलेली दिसत होती. चोर सापडला!

बुश असतो तरी कशाला?

चाक गाडीच्या सांगाड्याला सरळ जोडलेले नसते. ते लोअर आर्मला जोडलेले असते, आणि हा आर्म सांगाड्याला बोल्टने असा जोडतात की चाक वर-खाली होऊ शकेल. त्या बोल्टच्या जागी बुश बसतो. साधारणपणे त्याचे तीन भाग असतात: बाहेरची लोखंडी नळी, आतली लोखंडी नळी आणि दोघींच्या मध्ये त्यांना चिकटवलेले रबर. गॅरेजमध्ये याला सायलेंट ब्लॉक असेही म्हणतात.

आता नीट लक्ष द्या, कारण मी इथेच चुकलो. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून घट्ट बसवलेली असते. आतली नळी बोल्ट आवळला की सांगाड्याच्या ब्रॅकेटमध्ये घट्ट पकडली जाते. म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी पक्क्या. मग आर्म फिरतो कसा? तर मधले रबर पिळले जाते म्हणून! दाराच्या बिजागरीसारखे इथे काही घासत नाही, त्यामुळे तेल-ग्रीस लागत नाही. उलट साधे तेल लागले तर नैसर्गिक रबर फुगते आणि खराब होते.

रबरच का? आमच्या तुमसरकडचे उदाहरण देतो. राईस मिलमध्ये धान सोलणारे दोन रोलर असतात, एक जोरात फिरतो आणि दुसरा जरा हळू. त्यांच्यावर रबर असते. रबर थोडे दबते, म्हणून वरचे टरफल निघते आणि तांदूळ कमी तुटतो. बुशचेही तसेच आहे. रस्त्याचे बारीक धक्के तो पोटात घेतो, पण चाकाला जागा सोडू देत नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली नसती, तर उन्हाळ्यात मऊ आणि थंडीत कडक होणाऱ्या रबराचा असा उपयोग झालाच नसता.

आपल्याकडच्या गाडीचे उदाहरण घ्या. मारुती ८०० ही १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तिच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डमध्ये काम केलेले अमेरिकन इंजिनियर अर्ल मॅकफर्सन यांच्यावरून हे नाव पडले. या रचनेत वरचा आर्म नसतोच. खाली एक आर्म, आणि स्टॅबिलायझर बारचे टोक रबरी बुशातून त्या आर्मला पकडते. ब्रेक लागला की चाकाला मागे जाऊ न देण्याचे काम हा बार करतो. म्हणजे एवढेसे रबर गेले की चाकाचा लगामच सैल झाला समजा.

थोडे गणित (घाबरू नका!)

गाडी आणि माणसे मिळून ८०० किलो धरू. अर्ध्या जी इतका ब्रेक मारला तर एकूण बल ८०० × ४.९ म्हणजे सुमारे ३९०० न्यूटन. त्यातले ७० टक्के पुढच्या चाकांवर येते असे धरले, तर एका चाकाला जवळपास १३५० न्यूटन. आमच्या भाषेत ४० किलोचे सव्वातीन-साडेतीन कट्टे धान एका चाकाला मागे ओढत आहेत!

आता बुश झिजल्याने आर्मचे बाहेरचे टोक २ मिमी बाजूला सरकले समजा. टाय रॉड मात्र आपल्या जागी आहे. स्टिअरिंग आर्मची लांबी १२० मिमी धरली तर चाक २/१२० = ०.०१६७ रेडियन, म्हणजे साधारण १ अंश वळेल. एक अंश म्हणजे काहीच नाही असे वाटते ना? पण १ अंश तिरपे चाक १० मीटरमध्ये १७ सेंटिमीटर बाजूला जाऊ पाहते. दुसरे चाक विरोध करते म्हणून गाडी पूर्ण तेवढी सरकत नाही, पण ओढ लागते आणि टायर एका बाजूने घासतो. अलाइनमेंट का टिकत नव्हती तेही यातून कळले. मशीनवर गाडी स्थिर उभी असताना आकडे बरोबर यायचे, आणि रस्त्यावर ब्रेक मारला की चाक परत आपल्या मनाने वागायचे.

मी काय केले

मी तेव्हा नुकताच चौथ्या सेमिस्टरची परीक्षा देऊन आलो होतो. कॉलर ताठ! दोन्ही बाजूंचे बुश आणले, मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमधून पाने घेतले आणि घरासमोरच काम सुरू केले. आर्म काढले, गॅरेजच्या प्रेसवर जुने बुश काढून नवे बसवले, आर्म परत लावले. गाडी जॅकवर, लोखंडी स्टँडच्या आधाराने होती. तशीच असताना सगळे नट जोर लावून आवळले, गाडी खाली उतरवली आणि चक्कर मारली. वा! आवाज बंद, ओढ बंद. बाबांनी शेजाऱ्यांना सांगितले, "पोराने स्वतः केलं."

चार महिन्यांनी दिवाळीला घरी गेलो तर परत "खट-खट". नव्या बुशचे रबर कडेने सुटले होते. मला वाटले माल खराब निघाला. मिस्त्रीकाकांकडे नेऊन दाखवला. त्यांनी बुश हातात घेऊन फिरवून पाहिला आणि विचारले,

"नट कुठं आवळला होता?"

"जॅकवर असतानाच."

"म्हणजे हवेत. काहून, तुमची गाडी हवेत चालते का जी?"

मी गप्प. मग ते म्हणाले, "गाडी आधी आपल्या पायावर उभी होऊ दे, मंग आवळ. रबर तिथं सुस्तावलं पाहिजे."

रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा पूर्ण कळले. गाडी जॅकवर असते तेव्हा चाक खाली लटकते. आर्म ३०० मिमी लांब आणि चाक ८० मिमी खाली लटकले असे धरा. म्हणजे आर्म १५ अंशांपेक्षा थोडा जास्तच खाली वळलेला. तिथे बोल्ट आवळला तर रबराचे शून्य तिथेच ठरले. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे १५ अंश पिळलेले. गाडी उभी आहे, आपण झोपलो आहोत, तरी रबर पिळलेलेच! वरून खड्ड्यात चाक आणखी १५ अंश वर गेले की पीळ ३० अंश. गाडी जमिनीवर असताना आवळले असते तर रबराला विश्रांती मिळाली असती आणि दोन्ही बाजूंना १५-१५ अंशच पीळ बसला असता. सेमिस्टरभर आम्ही रेफरन्स कुठे धरायचा हे शिकलो होतो, आणि मी गाडीचा रेफरन्स हवेत धरला होता. ते बुश माझ्यामुळे गेले.

बरोबर पद्धत

१. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, आणि जॅकसोबत स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

२. टॉमी घालून आर्म हलवून बघा. रबर चिरलेले असेल किंवा नळी मधोमध नसेल तर बुश बदला. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडही त्याच वेळी तपासा. खट-खट त्यांचीही असू शकते.

३. जुना बुश कोणत्या दिशेने बसला आहे याची खूण आर्मवर करून ठेवा. काही बुशच्या रबरात मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, ते उलटे-सुलटे चालत नाहीत.

४. नवा बुश प्रेसवर बसवताना दाब फक्त बाहेरच्या नळीवर द्या. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाबले तर तो बसण्याआधीच फाटतो. हातोडीने ठोकू नका. आत सरकायला साबणाचे पाणी पुरते.

५. बोल्ट हातानेच लावून ठेवा. चाक लावा, गाडी खाली उतरवा, बोनेटवर तीन-चार वेळा दाबून सस्पेन्शन बसू द्या, आणि मगच नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. यासाठी गॅरेजचा खड्डा किंवा रॅम्प लागतो. जिथे स्प्लिट पिन आहे तिथे ती नवीनच टाका.

६. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदला आणि त्यानंतर अलाइनमेंट करा. आधी करून पैसे घालवू नका. आम्ही दोनदा घालवले.

काही मित्र विचारतात की पॉलियुरेथेनचे कडक बुश टाकले तर? ते जास्त कडक असतात, त्यामुळे वळणावर गाडी जास्त नेमकी वाटते, पण रस्त्याचा थरथराट आत येतो. पीथमपूरला २००७ साली सुरू झालेल्या बाहा स्पर्धेसाठी विद्यार्थी ज्या गाड्या बांधतात, त्यांत तर कित्येकदा रबर टाळून लोखंडी रॉड एंडच वापरतात. तिथे आजी बसलेली नसते! रोजच्या गाडीला चांगल्या प्रतीचे रबरच बरे.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्याकडे कार नसेल, पण बाईक तर आहे ना? तिच्या मागच्या स्विंग आर्ममध्येही बुश असतो. बाईक मेन स्टँडवर लावा, एका हाताने सांगाडा धरा आणि मागचे चाक डावीकडे-उजवीकडे हलवा. खट-खट जाणवली तर चाकाचे बेअरिंग किंवा स्विंग आर्मचा बुश गेला आहे. पार्टी महिनाभर पुढे ढकला, पण हे काम करून घ्या. सर आणि मॅडम, आपल्याही गाड्या पार्किंगमध्ये हळू येताना खट-खट करतात, हे आम्हाला दुसऱ्या मजल्यावर ऐकू येते. राग नसावा!

दिवाळीतच मिस्त्रीकाकांच्या खड्ड्यावर गाडी उभी करून आम्ही परत नवे बुश टाकले. नट मीच आवळला, काका वर उभे राहून बघत होते. त्याला आता वर्ष होत आले, आवाज आलेला नाही. रिकाम्या रस्त्यावर बाबांनी हळूहळू वेग वाढवत पाच-सहा वेळा ब्रेक मारून पाहिला, गाडी सरळ थांबली. आजीने मात्र आमच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. तिने मिस्त्रीकाकांना घरी बोलावून विचारले, चहा पाजला, आणि मग चांदपूरला जायला मागच्या सीटवर बसली. पुढे बसायला अजून तयार नाही. असो, तेवढा वेळ तिला द्यायला हवा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी