हिल्फुल-फुजूल आणि वंशभेदाविरुद्धचा जागतिक करार



प्रेषितत्वापूर्वीची ही घटना आहे. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका सरदाराने घेतला. मोल मात्र दिले नाही. परक्याला शहरात टोळीचे पाठबळ नव्हते, म्हणून दादही नव्हती. तेव्हा काही घराणी अब्दुल्लाह इब्न जुदआन यांच्या घरी एकत्र आली आणि पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळवून देऊ, अशी त्यांनी शपथ घेतली. तरुण मुहम्मद (स.) तेथे उपस्थित होते. इस्लामच्या काळातही अशा कराराची हाक आली तर ती आपण स्वीकारू, असे त्यांनी पुढे सांगितले.

अन्याय व्यवस्थेतच मुरला की एकट्या पीडिताचा आक्रोश पुरत नाही. इतरांनी स्वतःला वचनाने बांधून घ्यावे लागते. आधुनिक जगाने हा धडा दक्षिण आफ्रिकेत गिरवला. तेथील भारतीयांवरील भेदभावाचा प्रश्न भारताने १९४६ साली संयुक्त राष्ट्रांत मांडला. 'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे,' असा तेथील सरकारचा पवित्रा होता. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्यांविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ जण ठार झाले. २१ डिसेंबर १९६५ रोजी महासभेने सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार संमत केला. भेदभाव करणारे कायदे बदलणे आणि १८ तज्ज्ञांच्या समितीपुढे वेळोवेळी अहवाल ठेवणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक झाले. भारतानेही १९६८ मध्ये या कराराला मान्यता दिली. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे विकण्यावर बंदी घातली. १९९४ मध्ये तेथे सर्व वर्णांच्या नागरिकांनी मतदान केले. लढा तेथील जनतेचाच होता. जगाच्या वचनाने जुलमाचा आडोसा हिरावून घेतला.

या करारात रंगाबरोबर 'वंशपरंपरा' हाही शब्द आहे. त्यात जातीवर आधारलेला भेदही येतो, असे समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. भारत सरकारला हा अर्थ मान्य नाही. परंतु आपल्यापुरता प्रश्न सरकारचा नाही. मुलीचा पैगाम आला की आपण दीनदारी आधी विचारतो की बिरादरी? सून निवडताना रंग पाहतो की अखलाक? काबागृहाच्या छतावरून अजान देण्याचा मान हजरत बिलाल (रजि.) यांना मिळाला. तक्व्याखेरीज अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हीच अखेरच्या हजच्या प्रवचनाची शिकवण होय.

जागतिक करारावर सरकारे सही करतात. आपल्या उंबरठ्याआतील कराराला मात्र आपणच बांधील आहोत. अल्लाह आपणा सर्वांना ते बंधन पाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.