हप्ता खरा, फाइल खोटी

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी यवतमाळच्या सभेतून पीएम किसान योजनेचा सोळावा हप्ता सोडला. वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. ‘जमा झाले का?’ हा प्रश्न आमच्या घाटंजी तालुक्यात दर चार महिन्यांनी पारावर निघतोच. लोक कधी वाट बघत असतात, हे फसवणाऱ्यांनाही बरोबर ठाऊक असतं.

नंतरच्या एका हप्त्याच्या सुमारास आमच्या मोठेबाबांच्या व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव ‘पीएम किसान यादी’, शेवटी ‘डॉट एपीके’. खाली मजकूर : केवायसी आजच करा, नाहीतर हप्ता बंद. नंबर गावातल्याच माणसाचा. मोठेबाबांनी फाइल उघडली आणि फोनने जे जे विचारलं त्याला ‘परवानगी द्या’ दाबत गेले. यादी काही दिसली नाही, म्हणून फोन खिशात टाकून वावरात गेले. दुसऱ्या दिवशी पैसे काढायला बँकेत गेले, तेव्हा कापूस विकून ठेवलेली रक्कम खात्यात नव्हती. बँकेचा एकही मेसेज त्यांना दिसला नव्हता.

“नाव त आपल्याच मानसाचं होतं, मंग खोटं कसं राहीन?” ते मला नंतर पुन्हा पुन्हा विचारत होते.

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. अशा चोरट्या ॲपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. काही ॲप्स स्वतःचं चिन्ह लपवतात आणि तुमच्याच व्हॉट्सॲपवरून तीच फाइल ओळखीच्या सगळ्यांना धाडतात. त्या गावकऱ्याचा फोनही असाच आधी ताब्यात गेलेला होता. त्याने काही पाठवलंच नव्हतं. लग्नसराईत हीच फाइल पत्रिका म्हणून येते, एरवी आरटीओचं चलान किंवा वीजबिल म्हणून. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल सख्ख्या भावाच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. आधी त्याला फोन लावून विचारा.

हप्त्याची बातमी खरी की खोटी, याचा कीस काढण्यात अर्थ नाही. ती बहुधा खरीच असते, हप्ता खरोखर यायचा असतो. आपल्याकडून काय मागितलं जातंय, तिकडे बघा. हप्ता आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी कुठलीही फाइल लागत नाही. यूपीआयचा पिन तर पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. केवायसी राहिली असेल तर सेवा केंद्रात जाऊन अंगठा लावून करता येते.

नोकरीच्या शोधातल्या पोरापोरींना हेच फसवणारे ईमेलमधून गाठतात. पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, पूर्ण पत्ता उघडून वाचा. लिंकमध्ये सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेषेच्या अगदी आधी काय आहे ते बघा. सरकारी पत्ता तिथे सहसा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’वर संपतो. ‘जीओव्ही’ मध्येच कुठेतरी आणि शेवटी भलतंच असेल, तर ते सरकारी नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकांची संकेतस्थळंही आता ‘बँक डॉट इन’वर आली आहेत. आणि रुजू होण्याआधीच ‘नोंदणी शुल्क’ मागणारी नोकरी, नोकरीच नसते.

तरी कुणी फसलंच, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर मदत क्रमांकाला आणि बँकेला कळवा, तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर नोंदवा. मेसेज पुसू नका, ते पुराव्याला लागतात. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट फिरवले जातात. वाटेत असतानाच तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेने सोसायचं असतं. मोठेबाबा लाजेपायी आधी घरात बोललेच नाहीत आणि तो सगळा मोलाचा वेळ हातचा गेला. फसलेल्या माणसाला चार शब्द सुनावले की पुढच्या वेळी तोही लपवणार. घरात म्हाताऱ्यांना आजच सांगून ठेवा की काहीही झालं तरी आम्ही रागावणार नाही, फक्त लगेच सांगा. आणि १९३० हा नंबर त्यांच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः टाकून द्या.